चेहरा घासायचा, सोलायचा की सोडून द्यायचा?



मागच्या महिन्यात धरमतरला आपल्या संघाची सभा झाली, तिथे मी या विषयावर बोलले होते. पण वसुलीचा विषय लांबला, वडखळकडे जाणाऱ्या तायांना मिनीडोर पकडायची होती आणि माझं बोलणं अर्ध्यात राहिलं. अंकाचं काम बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "तू लिहूनच दे, ज्या आल्या नव्हत्या त्यांनाही वाचता येईल." म्हणून जसं बोलले तसं लिहिते आहे. राहिलेला भागही घालते आहे.

विषय निघाला तो एका कर्जाच्या मागणीवरून. आपल्या एका गटातली ताई घराच्या पडवीत पार्लर चालवते. आयब्रो, वॅक्सिंग, साधं फेशियल, लग्नसराईत नवरीचा मेकअप. तिने मागणी केली होती चाळीस हजारांची. त्यात फेशियलचा बेड, स्टीमर, खुर्ची, आणि त्याशिवाय 'पील'चा किट आणि चेहरा पॉलिश करायचं मशीन. मागणी वाचून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका मावशीने विचारलं, "पील म्हंजे काय गो? तोंड सोलतात?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग सीआरपी ताईंनी माझ्याकडे बघितलं, कारण मी शिकलेली. आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. मला एक महिना द्या म्हटलं. त्या महिन्यात मी एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमना भेटले, थोडं वाचलं, आणि पार्लरवाल्या दोन-तीन तायांकडे बसून बघितलं. त्यातून हे सांगते आहे.

तर मावशी, उत्तर असं की हो, सोलतात. पण किती सोलतात, यावर सगळं आहे.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खालून नवीन पेशी तयार होतात, वर सरकतात, वरच्या गळून पडतात. तरुण माणसात या फेरीला साधारण एक महिना लागतो, वय वाढलं की जास्त. म्हणजे कातडी स्वतःच स्वतःला साफ करत असते, आपण काही केलं नाही तरी. फेशियल, स्क्रब, पील, पॉलिशिंग, डी-टॅन अशी कितीही नावं असली तरी मूळ काम एकच, हा वरचा थर थोडा लवकर काढायचा. तो गेला की खालची कातडी गुळगुळीत दिसते, उजेड पडला की चमकते, मेकअप नीट बसतो. एवढंच होतं. रंग बदलत नाही. जन्माचा रंग खालच्या थरात ठरतो, तिथपर्यंत पार्लरमधलं काही जात नाही, आणि जाऊही नये.

हे काढायच्या दोन पद्धती आहेत. हमरापूर, जोहे भागातल्या ज्या ताया गणपतीच्या कारखान्यात जातात त्यांना मी हे लगेच सांगू शकते. प्लास्टरची मूर्ती साच्यातून निघाली की तुम्ही पॉलिश पेपरने घासता. शाडूची ओली मूर्ती मात्र ओल्या हाताने, ओल्या ब्रशने सारखी करता, तिथे पाणीच मातीला मऊ करतं. चेहऱ्याचंही तसंच. एक प्रकार घासायचा, दुसरा प्रकार मऊ करून सोडवायचा. आणि पेपर कुठल्या नंबरचा घ्यायचा, मूर्ती सुकली आहे की नाही, हे न बघता घासलं तर चरे पडतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मूर्तीवर चरा पडला तर लांबी भरून वर रंग मारता येतो. चेहऱ्याला ते नाही.

घासायचा प्रकार आपल्याला नवीन नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं उटणं हे तेच आहे. आधी तेल, मग आंबेहळद, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल यांची पूड हलक्या हाताने. मसूरडाळीचं पीठ, बेसन, तांदळाचं पीठ, टाचेला वजरी, अंगाला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, ही सगळी तीच भावंडं. पण यात टाचेचं ते टाचेला. वजरी आणि जाळी तोंडाला लावू नका. गालाची कातडी टाचेच्या मानाने फारच पातळ असते. पीठ वापरायचं तर वस्त्रगाळ, आणि घट्ट चोळायचं नाही. ओलं असताना लावायचं आणि ओलं असतानाच धुवायचं. वाळल्यावर खरवडून काढलं की चरचरतं, आणि त्यालाच आपण "स्वच्छ झालं" म्हणतो. आठवड्यातून एकदा पुरे.

बाजारातल्या ट्यूबमधल्या स्क्रबमध्ये अक्रोडाच्या सालीचा चुरा असतो, साखर असते, किंवा बारीक मणी असतात. सालीचा चुरा कडांना धारदार असतो, त्याने बारीक ओरखडे येतात. पुटकुळ्या असतील तर असा कुठलाच स्क्रब नको. आणि मण्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. हे मणी पुष्कळदा प्लास्टिकचे असायचे. तोंड धुतलं की ते मोरीत, तिथून गटारात, आणि आपल्याकडचं गटार कुठे जातं ते तुम्हाला माहीत आहे. अंबा नदीत आणि धरमतरच्या खाडीत. आपण तोंडाला लावलेलं प्लास्टिक निवटीच्या, बोयच्या पोटात. अमेरिकेने अशा मण्यांवर २०१५ मध्ये कायदा केला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१७ मध्ये ते सौंदर्यप्रसाधनांसाठी असुरक्षित ठरवले. तरीही जुना किंवा नाव नसलेला माल आठवडे बाजारात दिसतो. घटकांच्या यादीत पॉलिइथिलीन लिहिलं असेल तर ठेवून द्या.

आता दुसरा प्रकार, सोडवायचा. यालाच पील म्हणतात. यात ॲसिड असतं. रोह्याकडच्या, धाटाव एमआयडीसीच्या आसपासच्या तायांना ॲसिड म्हटल्यावर टँकर आठवतो, पण दह्यातही ॲसिड असतं, चिंचेतही असतं. मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटवणारा जो डिंक असतो, तो हे ॲसिड सैल करतं आणि पेशी सुटतात. दुधा-दह्यातलं ते लॅक्टिक ॲसिड, त्यातल्या त्यात सौम्य. उसातलं ग्लायकोलिक, त्याचे कण लहान म्हणून ते आत लवकर शिरतं आणि चुरचुरतंही जास्त. बदामापासून मिळतं ते मँडेलिक, हळू काम करतं. आणि सॅलिसिलिक, ते तेलात विरघळतं म्हणून तेलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला देतात, रंध्रातला मळ सोडवतं. कच्च्या पपईत, अननसात ॲसिडऐवजी एन्झाइम असतात. मटण शिजायला पपईची फोड टाकतो ना, तेच. म्हणून पिकलेल्या पपईचा गर दहा मिनिटं ठीक, पण कच्च्या पपईचा चीक चेहऱ्याला कधीच नाही.

गंमत म्हणजे हे औषध चमक आणण्यासाठी पुढे आलं नव्हतं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ही फळांतली ॲसिडं एका आजारावर वापरून दाखवली. त्या आजारात माणसाची कातडी माशाच्या खवल्यांसारखी होते. तिथून ती सौंदर्याच्या बाजारात आली. आणि आपल्याकडे तर त्याच्या कितीतरी आधीपासून बिब्बा होताच. बिब्ब्याचं तेल चुकून लागलं की कातडी कशी निघते, ते ज्यांनी बघितलंय त्यांना जोरदार पील म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

टक्का महत्त्वाचा. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीने ग्लायकोलिक आणि लॅक्टिकसाठी घरच्या वापराला १० टक्क्यांपर्यंत आणि प्रशिक्षित माणसाच्या हाताने सलूनमध्ये ३० टक्क्यांपर्यंत अशी हद्द सांगितली आहे, तीही ॲसिडची तीव्रता मर्यादेत ठेवून. डॉक्टर त्यापुढे जातात, ७० टक्क्यांपर्यंतही, पण ते घड्याळ लावून, मिनिटं मोजून, उतारा हाताशी ठेवून. त्याहून खोल जाणारी पीलं आणि लेझर हे डॉक्टरचंच काम. माझी अडचण अशी की पार्लरमध्ये मी बघितलेल्या तीन किटपैकी दोनांवर टक्काच लिहिलेला नव्हता.

ब्लीचबद्दल सगळ्यांनी विचारलं म्हणून सांगते. ब्लीच म्हणजे पील नाही. त्याने मेलेली कातडी निघत नाही, चेहऱ्यावरची लव सोनेरी होते आणि म्हणून चेहरा उजळ वाटतो. ब्लीच, मग स्क्रब, मग पील, असं एका दिवसात एकावर एक करायचं पॅकेज कोणी दिलं तर उठून घरी या. लव काढायला ब्लेड फिरवतात, त्यानेही थोडी मेलेली कातडी निघते, आणि केस जाड येतात ही समजूत चुकीची आहे. पण ब्लेड नवीन हवं, तुमच्यासमोर पुडीतून काढलेलं.

आणि लिंबू. ताया, लिंबू सरबतात. तोंडावर लिंबू घासून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, काळे ओघळ उमटतात. लिंबाच्या रसातल्या एका द्रव्यावर ऊन पडलं की हे होतं. खाण्याचा सोडा त्याच्या उलट, तो कातडीला कोरडी करून सोडतो. दोन्ही एकत्र करून फेस आला की काहीतरी काम होतंय असं वाटतं. फेस येतो तो ते एकमेकांना मारतात म्हणून.

आता माझं सांगते. सभेत हे सांगताना मला लाज वाटली होती, पण त्यानंतरच तायांनी खरं बोलायला सुरुवात केली.

मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते. मामेबहिणीची हळद होती. आपल्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, नाच, डीजे, फोटो. दोन दिवस आधी मी एका पार्लरमध्ये गेले. सकाळीच दुसरीकडे अप्परलिप आणि कपाळाचं थ्रेडिंग केलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, साधं क्लीनअप करू की फ्रूट पील? फोटो चांगले येतील. फ्रूट म्हणजे फळ, फळाने काय होतंय, असा माझा विचार. लावल्यावर चुरचुरायला लागलं. मी सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे काम करतंय, थोडं सहन कर." मी केलं. दुसऱ्या दिवशी माझं फील्डवर्क होतं, घरोघर सर्वेक्षण, सकाळी दहा ते तीन, डोक्यावर ओढणीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी ओठाच्या वर आणि दोन्ही गालांवर तपकिरी डाग. हळदीत आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "चुलीत तोंड घातलं होतंस काय गं?" ते डाग जायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी एकाही फोटोत समोर उभी राहिले नाही.

या वेळी भेटलेल्या डॉक्टर मॅडमना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "पील करायच्या आधी तुला कोणी विचारलं नाही का, उद्या तू कुठे असणार आहेस?"

नाही विचारलं. आणि मला वाटतं, आपल्यासाठी सगळा निर्णय याच प्रश्नात आहे. पील कुठलं, किंमत किती, कंपनी कुठली, हे नंतर. वरचा थर काढला की खालची कातडी काही दिवस कोवळी असते, तिला ऊन सोसत नाही. सावळ्या आणि गव्हाळ कातडीचा स्वभाव असा की तिला जरा भाजलं, जरा खरचटलं, की ती तिथे जास्त रंग तयार करते. डास चावून खाजवलं तरी आपल्याला काळा डाग राहतो ना, तेच. म्हणून गोऱ्या देशातल्या व्हिडिओत जे पील करून बाई दुसऱ्या दिवशी लालसर आणि चौथ्या दिवशी चकचकीत दिसते, तेच आपल्यावर काळं होऊन बसू शकतं. शहरात एसीत बसणाऱ्या मुलीला जे चालतं ते मिठागरावर, खारेपाटातल्या लावणीत, वाडखळ नाक्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला चालेलच असं नाही. मिठागरावर तर वरून ऊन आणि खालून मिठाची चमक.

तर ज्यांना पुढचा आठवडाभर उन्हात जायचंच आहे, त्यांनी पील करू नये. कुठलंही. त्यांच्यासाठी तेल लावून, हलक्या हाताने उटणं किंवा पीठ, आणि नंतर मॉइश्चरायझर किंवा खोबरेल. कामाला जाताना टोपी किंवा स्कार्फ. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० किंवा वरचं, दोन बोटांवर भरून रेघ ओढली की जेवढं येतं तेवढं चेहऱ्याला आणि मानेला, आणि घाम आला की दोन-तीन तासांनी परत. परवडत नसेल तर टोपी आणि पदर यांना मी कमी समजत नाही.

ज्यांचं काम घरात, दुकानात, शिवणयंत्रावर आहे, त्यांना सौम्य लॅक्टिक किंवा मँडेलिक चालू शकतं. पण समारंभाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही. निदान महिनाभर आधी एकदा करून बघायचं. त्याच्याही आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पूर्ण एक दिवस, जमलं तर दोन दिवस थांबायचं. आधीच्या आठवड्यात थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच नको. अंगावर ताप-पुरळ असेल, ओठावर जर उठली असेल, तर नको. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सॅलिसिलिकचं पील घेऊ नका. पुटकुळ्यांच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आणि चुरचुरणं वाढत गेलं तर "सहन कर" ऐकायचं नाही, उठायचं आणि चेहरा वाहत्या गार पाण्याखाली धरायचा, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. मग डॉक्टर.

मशीनचं पॉलिशिंग म्हणजे घासायचाच प्रकार, फक्त हिऱ्याच्या कणाच्या टोकाने किंवा बारीक स्फटिकांच्या माऱ्याने. शिकलेल्या हातात ते वाईट नाही. पण टोक निर्जंतुक करावं लागतं, आणि दाब जास्त झाला की तेच डाग. दोन दिवसांच्या वर्गात ते शिकता येतं यावर माझा विश्वास नाही.

दोन गोष्टी अशा आहेत ज्या घासून किंवा सोलून जात नाहीत, आणि त्यांच्यावरच आपल्या बायका सगळ्यात जास्त पैसे घालवतात. एक म्हणजे वांग. गालावर, नाकावर, कपाळावर फुलपाखरासारखा तपकिरी पट्टा. गरोदरपणात येतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी येतो, उन्हाने आणि चुलीच्या धगीने वाढतो. वांगावर स्क्रब घासला की तो गडद होतो. त्याला डॉक्टरांचं औषध आणि ऊन टाळणं, दोन्ही लागतं, आणि वेळ लागतो.

दुसरी म्हणजे काळी मान. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाड, काळी कातडी. आपण मुलींना म्हणतो, नीट घासून आंघोळ करत नाहीस. पोरगी घासून घासून रक्त काढते. ताया, हा मळ नाही. पुष्कळदा हे शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. पुढे मधुमेह होऊ शकतो, मुलींमध्ये पाळी अनियमित असेल तर त्याच्याशीही संबंध असू शकतो. अशा वेळी पार्लरला जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात साखर तपासून घ्या. सभेत हे सांगितल्यावर एका वहिनीने मुलीच्या मानेवरची ओढणी नीट केली आणि काही बोलली नाही. त्या वहिनी हे वाचत असतील तर, मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे.

आता ज्यासाठी मी खरं तर हा सगळा लेख लिहिते आहे ते. घासणं नको, सोलणं नको, मग "एक क्रीम आहे, आठ दिवसांत फरक" असं सांगणारी डबी. लेबल नसलेली, किंवा लेबल असलं तरी त्यावर कुणाचा पत्ता नसलेली.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती, काहींना आठवत असेल. एका विद्यार्थिनीने स्थानिक ब्युटिशियनकडून चेहऱ्याचं क्रीम घेतलं. चेहरा उजळला म्हणून आईने आणि बहिणीनेही वापरलं. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडाला आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण शोधलं तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा रंग तयार होणं थांबवतो म्हणून चेहरा उजळतो खरा, पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही अशीच प्रकरणं पुढे आली. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही, चुकून आलेला असला तरी दहा लाख भागांत एक भाग, याच्या वर नाही.

पारा नसेल तर स्टिरॉइड असतं. मेडिकलमधून "खाजेचं मलम" म्हणून आणलेलं, मग गोरं करतं म्हणून रोज लावलेलं. पहिले पंधरा दिवस चेहरा सुंदर. मग कातडी पातळ, लाल शिरा, ओठाच्या वर केस, पुटकुळ्या, आणि सोडलं की आग. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. दुकानात जाऊन बघा किती पाळलं जातं. अशा चेहऱ्यावर पील केलं तर काय होईल, ते मी लिहीत नाही. कोणी वापरत असेल तर लपवू नका आणि एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून सोडा.

डबी घेताना उत्पादकाचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी, एवढं बघा. हे आपल्यालाही लागू आहे. दिवाळीत आपले काही गट उटणं करून विकतात. या वर्षी एका गटाने पाकिटावर "गोरेपणा देणारे" असं छापायचं ठरवलं होतं, खप वाढतो म्हणून. मी विरोध केला आणि त्या ताया माझ्यावर नाराज आहेत. १९७५ पासून 'फेअर' नावाने विकल्या जाणाऱ्या देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला ते काढावं लागलं, आणि आपण ते नव्याने छापणार?

आता त्या कर्जाचं. समितीने पंचवीस हजार मंजूर केले, बेड, स्टीमर, खुर्ची आणि मान्यताप्राप्त संस्थेतल्या पुढच्या प्रशिक्षणाची फी. पीलचा किट आणि मशीन तूर्त नाही. प्रशिक्षण झाल्यावर परत मागणी करायची, तेव्हा बघू.

ताई रागावली. एरवी मला बाळा म्हणते, त्या दिवशी मॅडम म्हणाली. "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण लग्नसराई दोन महिन्यांची. गिऱ्हाईक पील मागतं. मी नाही म्हटलं तर ते पेणला जाईल, आणि तिथे करून घेईल." तिचं म्हणणं खोटं नाही, आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तिचे दोन पैसे बुडतात हे खरं आहे, आणि हप्ता तर तिला भरायचाच आहे.

शेवटी तिनेच एक वही केली. फेशियलला येणाऱ्या प्रत्येकीला ती चार गोष्टी विचारते आणि लिहून ठेवते: पुढचे आठ दिवस उन्हात काम आहे का, सध्या कुठली क्रीम लावतेस, गरोदर आहेस का किंवा बाळ पितं का, या आठवड्यात थ्रेडिंग-ब्लीच केलंस का. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा वहीत एकोणीस नावं होती. दोघी "एवढी चौकशी कशाला" म्हणून निघून गेल्या, असं तिने सांगितलं. "लावतेस ती क्रीम" या रकान्यात सहा जणींसमोर तिने लिहिलं होतं, "नाव नाही, पांढरी डबी".

म्हणून पुढच्या सभेला येताना पासबुकाबरोबर घरातली चेहऱ्याची डबी, ट्यूब, मलम, जे असेल ते पिशवीत घालून आणा. संपलेलीही चालेल. कोणाची कुठली, हे मी विचारणार नाही. सगळ्या एका चटईवर ठेवू आणि भिंगाने लेबलं वाचू. भिंग मी आणते, माझ्या आईचं आहे. तिचीही एक पांढरी डबी आहे, ती पण आणते.